कॉन्फरन्स आऊट झाल्यावर: एसएसबीला पुन्हा जाणाऱ्यांसाठी

एसएसबी, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडण्यासाठीची पाच दिवसांची मुलाखत. तिच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्यांना एका खोलीत बसवतात. एक अधिकारी हातातल्या कागदावरून चेस्ट नंबर वाचतो. दोन-तीन नंबर, कधी एकच, कधी एकही नाही. आपला आला नाही की छातीवरचा नंबर काढून परत द्यायचा, बॅग उचलायची आणि स्टेशन गाठायचं. भोपाळ किंवा जालंधरचा बोर्ड असेल तर मराठवाड्यातल्या पोराची परतीची गाडी बहुतेक सचखंड. डब्यात नांदेडला दर्शनाला निघालेली पंजाबी कुटुंबं पराठ्यांची शिदोरी सोडून बसलेली असतात आणि आग्रह करकरून खाऊ घालतात. घास काही उतरत नाही.

मी हा प्रवास चार वेळा केला. पहिल्यांदा स्क्रीन आऊट, म्हणजे पहिल्याच दिवशी परत. दुसऱ्या आणि तिसऱ्यांदा कॉन्फरन्स आऊट, म्हणजे शेवटच्या दिवशी परीक्षकांच्या बैठकीनंतर नकार. चौथ्यांदा रेकमेंड झालो, म्हणजे बोर्डानं शिफारस केली, मेडिकलही झालं आणि अंतिम यादीत नाव नव्हतं. मग वय संपलं. आता परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत पोरांना गणित शिकवतो, आणि दर सहा महिन्यांनी कुणीतरी परत येऊन समोरच्या बाकावर गप्प बसतं. त्या बाकावर बसणाऱ्याला जे सांगतो तेच इथं लिहितो आहे. लेखीची तयारी कशी करावी हा विषय वेगळा. ज्यांनी एकदा तरी एसएसबी पाहिली आहे आणि ज्यांना पुन्हा जायचं आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

गाडीतच वही उघडा

घरी पोचल्यावर लिहू असं म्हणू नका. घरी पोचलं की आई विचारणार "काय झालं लेकरा?", काका विचारणार "पोलीस भरतीचा फॉर्म तरी भरलास का?", आणि शाळेतले सर हमखास कलामांचा दाखला देणार. वायुदलाच्या निवडीत जागा आठ होत्या आणि कलाम नववे आले, हे खरंच आहे. पण त्यानं तुमचा पुढचा फॉर्म भरला जात नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत आठवणीवर कारणांचं सारवण होतं. "ग्रुपच वाईट होता", "मैदानावरच्या जीटीओनं माझ्याकडं बघितलंच नाही", "त्यांना फक्त फौजींची पोरं पाहिजे असतात". म्हणून बर्थवर बसल्या बसल्या घडलं तसं लिहा. पहिल्या दिवशीच्या पीपीडीटीचं चित्र कसं होतं, त्यात मी काय पाहिलं, नॅरेशन म्हणजे गटासमोर गोष्ट सांगणं पूर्ण झालं की मध्येच अडकलो. टीएटीच्या, म्हणजे चित्रांवरून लिहायच्या, बारा गोष्टी, एकेका ओळीत. डब्ल्यूएटीच्या, म्हणजे शब्द पाहून वाक्य लिहायच्या चाचणीच्या, साठांपैकी किती शब्द सुटले. एसआरटीच्या, म्हणजे दिलेल्या प्रसंगात काय कराल ते लिहायच्या चाचणीच्या, साठ प्रसंगांपैकी अर्ध्या तासात किती झाले. मुलाखतीतले प्रश्न ज्या क्रमानं आले त्या क्रमानं आणि त्याखाली स्वतःचं खरं उत्तर, नंतर सुचलेलं नव्हे. मैदानावरच्या प्रत्येक टास्कमध्ये मी काय बोललो, माझी कुठली कल्पना वापरली गेली, कमांड टास्कला, जिथं एक जण प्रमुख होऊन मदतनीस निवडतो, मला कितींनी बोलावलं.

माझ्या दुसऱ्या वेळच्या वहीत एक ओळ आहे: "ग्रुप प्लॅनिंगच्या चर्चेत दोनदा बोललो. दोन्ही वेळा 'मी सहमत आहे' एवढंच." ती ओळ लिहीपर्यंत मला वाटत होतं की मी चर्चेत भरपूर भाग घेतला. त्या दोन वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात उपयोगी मार्गदर्शन ती ओळ होती आणि ती मीच लिहिली होती.

बोर्ड तुम्हाला कारण सांगत नाही. निवड झाली नाही एवढंच कळतं. त्यामुळे ही वही हाच तुमचा अहवाल. ती स्वतःसाठी ठेवा, यूट्यूबवर "माझा अनुभव" म्हणून टाकायला नाही.

कुठल्या दारातून बाहेर आलात ते आधी ठरवा

"माझं एसएसबी झालं नाही" हे वाक्य चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरलं जातं आणि चौघांचं औषध वेगळं आहे.

पहिल्याच दिवशी परत आलात तर तुम्ही स्क्रीन आऊट. इथं दोनच गोष्टी असतात: ओआयआर म्हणजे बुद्धिमत्ता चाचणी, आणि पीपीडीटी म्हणजे तीस सेकंद चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ती गटासमोर सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. तुमचं व्यक्तिमत्त्व नाकारलं वगैरे काही झालेलं नाही, त्यांनी ते अजून पाहिलेलंच नाही. ओआयआरमध्ये आपली पोरं फाजील आत्मविश्वासानं मार खातात. बारावीला गणितात नव्वद असलेला मुलगा आकृत्यांच्या प्रश्नांत घड्याळाकडं बघत बसतो, कारण ते प्रश्न अवघड नसतात, वेगाचे असतात. दोन महिने रोज एक संच घड्याळ लावून सोडवला की हा भाग सुटतो. नॅरेशनसाठी रोज एक चित्र आणि एक मिनिट बोलणं, मोबाइलवर रेकॉर्ड करून. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज ऐकवत नाही. ऐका. गटचर्चेत मासळी बाजार झाला तर आवाज चढवून काही मिळत नाही. दोघांच्या बोलण्यातला सामायिक धागा पकडून एक वाक्य टाकणारा लक्षात राहतो.

मेडिकलमध्ये बाहेर आलात तर हा लेख अर्धा सोडून द्या आणि आधी हातातला कागद वाचा. तात्पुरतं अपात्र की कायम अपात्र, कुठल्या कारणानं, आणि अपील कुठल्या रुग्णालयात. अपील मेडिकल बोर्डासाठी ४२ दिवसांची मुदत असते आणि ती कॅलेंडरवर चालते, तुमच्या डॉक्टरांच्या सुट्टीवर नाही. नाकाचं वाढलेलं हाड, व्हेरिकोसील, कानातला मळ, वजन ही नेहमीची कारणं, आणि बरीचशी उपचारानं जाणारी. त्यापुढे पुनर्विलोकन मंडळाची मागणीही करता येते, पण ते हक्कानं मिळत नाही. पुन्हा अर्ज करण्याआधी जिल्हा रुग्णालयात किंवा ओळखीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे एकदा सगळं दाखवून घ्या. दातही दाखवा, किमान १४ डेंटल पॉइंट लागतात आणि गुटख्यानं दात काळे केलेल्यांना हे पहिल्यांदा मेडिकलच्या खोलीतच कळतं. आणखी एक, जत्रेत हौसेनं गोंदवलेलं नाव किंवा देवाचं चित्र. मनगटापासून कोपरापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. दंडावर किंवा छातीवर असेल तर आधी तो प्रश्न सोडवा.

मेरिट आऊट, म्हणजे रेकमेंड झालात पण यादीत नाव नाही. माझं चौथ्या वेळचं. हे सगळ्यात जास्त दुखतं, कारण बोर्डानं हो म्हटलेलं असतं. पण दुरुस्ती सगळ्यात सरळ इथंच आहे: लेखीचे गुण वाढवा. एनडीएला लेखी ९०० आणि एसएसबी ९०० अशी बेरीज होते. सीडीएसमधून, म्हणजे पदवीधरांच्या परीक्षेतून, आयएमए या लष्करी अकादमीत गेलात तर ३०० आणि ३००, ओटीए या अकादमीत २०० आणि २००. लेखीत जेमतेम पास होऊन एसएसबीला जाणारा माणूस पन्नास-शंभर गुणांचं ओझं पाठीवर घेऊन निघतो. अंतिम निकालानंतर यूपीएससी गुण संकेतस्थळावर टाकते, ते उतरवून घ्या. मागची शिफारस पुढच्या कोर्सला चालत नाही, सगळं नव्यानं द्यावं लागतं. "एकदा झालोय म्हणजे होणारच" या समजुतीनं पाचव्यांदा जाऊन स्क्रीन आऊट झालेला मुलगा मी पाहिला आहे.

आणि उरले कॉन्फरन्स आऊट. सगळ्यात मोठा गट हाच, म्हणून पुढचं बरंचसं त्यांच्यासाठी.

वयाचा हिशोब, जून महिन्याच्या एक तारखेसह

मनाची तयारी नंतर, आधी तारखा. एनडीएला कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे सगळं जुळून आलं तरी हातात पाच-सहा संधी. जन्मतारखेची सीमा एका परीक्षेला जानेवारीच्या सुरुवातीपासून मोजतात आणि दुसरीला जुलैच्या सुरुवातीपासून, ती जाहिरातीत पाहून बोटावर मोजा.

आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लिहिली. खरा जन्म पोळ्याचा असला तरी इथं दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरतात आणि नंतर बदल करून चालत नाही. आईचं म्हणणं, कुंडली, ग्रामपंचायतीचा दाखला, यातलं काही उपयोगाला येत नाही. त्या एका तारखेमुळे कुणाला एक संधी जास्त मिळते, कुणाची एक जाते. हिशोब आजच करा.

जात प्रमाणपत्रासाठी तहसीलच्या रांगेत उभे असाल तर दुसऱ्या कामांसाठी राहा. एनडीए-सीडीएसला जातीवर जागा राखीव नाहीत आणि वयात सूटही नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि मुलींना शुल्क माफ आहे, तेवढंच. इतरांना एनडीएला १०० आणि सीडीएसला २०० रुपये.

एनडीएचं वय संपलं म्हणजे दार बंद झालं असं समजून पोरं घरी बसतात. बारावीला भौतिक, रसायन आणि गणितात मिळून साठ टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल तर टीईएस हा सैन्याच्या तांत्रिक प्रवेशाचा मार्ग वय असतानाच पाहून ठेवायचा. त्यात वेगळी लेखी नाही, थेट एसएसबी. पदवी झाली की सीडीएस: आयएमएला चोविशीपर्यंत, ओटीएला पंचविशीपर्यंत, आणि ओटीएला गणिताचा पेपर नाही, इंग्रजी आणि सामान्यज्ञान बास. अभियांत्रिकीवाल्यांना टीजीसी आणि एसएससी टेक हे प्रवेश सत्ताविशीपर्यंत. कायद्याच्या पदवीला ५५ टक्के असतील तर जॅग, म्हणजे सैन्याची कायदा शाखा. एनसीसीचं सी प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्री, तीही विनालेखी. कॉलेजात असताना "परेडला ऊन लागतं" म्हणून एनसीसी सोडलेल्यांना हे वाचून वाईट वाटेल, वाटू द्या. वायुदलासाठी एएफकॅट ही परीक्षा वर्षातून दोनदा. पण फ्लाइंगची, म्हणजे वैमानिक होण्यासाठीची, मशीन टेस्ट आयुष्यात एकदाच. त्यात नापास झालात तर फ्लाइंग पुन्हा मागता येत नाही, ग्राउंड ड्युटीचा मार्ग राहतो. आणि पोटापाण्याला लागलेल्या पदवीधरांसाठी टेरिटोरियल आर्मी बेचाळिशीपर्यंत.

मुलींनाही २०२२ पासून एनडीएत प्रशिक्षण सुरू झालं. घरात धाकटी बहीण असेल तर तिचा हिशोबही याच कागदावर करून टाका.

एक सल्ला अनुभवाचा. एका महिन्याच्या अंतरानं दोन बोर्ड लागले तर दोन्हीला पळू नका. नियम आडवा येत नाही, पण तोच माणूस तेच घेऊन परत जातो. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या बोर्डात सात आठवड्यांचं अंतर ठेवलं होतं. सात आठवड्यांत माझ्यात बदल झाला तो फक्त केसांचा.

पांडूच्या पुरात बुडलेली गोष्ट

तीन परीक्षक तुम्हाला स्वतंत्रपणे पाहतात. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिहिलेलं वाचतो, मुलाखत घेणारा अधिकारी तुमचं बोलणं ऐकतो, जीटीओ मैदानावरचं वागणं बघतो. मनसा, वाचा, कर्मणा, हा शब्दप्रयोग एसएसबीच्या तयारीत सगळीकडे ऐकाल आणि तो बरोबर आहे. पहिले चार दिवस तिघं स्वतंत्र निरीक्षणं ठेवतात, कॉन्फरन्सला ती समोरासमोर येतात. तिघांना तीन वेगळी माणसं दिसली असतील तर तुम्ही बाहेर. परत आलेल्यांपैकी बहुतेक जण "कुठला भाग कच्चा राहिला" हे शोधतात. मला वाटतं, दुखणं बरेचदा भागांच्या मधल्या फटीत असतं.

अभ्यासिकेत एक मुलगा होता, पांडू म्हणू त्याला. दोनदा कॉन्फरन्स आऊट. त्याच्या टीएटीच्या गोष्टी मी लिहून घेतल्या. धूसर चित्रात रस्त्याकडेला एक माणूस उभा, दोघं बसलेले. पांडूनं लिहिलं होतं: राजेश हा शूर तरुण, गावाला पूर आला, त्यानं पाण्यात उडी घेऊन दहा जणांना वाचवलं, राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळालं.

मी विचारलं, "पोहायला येतं का रे?"

"नाही सर. आमच्या गावात पाणीच कुठंय?"

मग विचारलं, मागच्या उन्हाळ्यात काय केलंस. म्हणाला, काही नाही, टँकर यायचा. टँकर आला की काय व्हायचं? भांडणं. मग? मग त्यानं आणि दोन पोरांनी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर खडूनं घरांची यादी लिहिली, घरटी दोन ड्रम, रोज यादीची सुरुवात वेगळ्या घरापासून. एका म्हातारीला ड्रम उचलत नव्हता, तिचा हे भरून देऊ लागले. पहिले चार दिवस एका भाऊसाहेबानं यादी पुसली. यांनी पुन्हा लिहिली आणि पाचव्या दिवशी त्यालाच यादी वाचायला उभं केलं.

संघटन, पुढाकार, जबाबदारी, गटावर प्रभाव, सहकार. एसएसबी जे पंधरा गुण शोधते त्यातले पाच या टँकरभोवती उभे होते आणि पठ्ठ्या पुरात उडी मारत होता. मानसशास्त्रज्ञ असे पूर रोज शेकड्यानं वाचत असणार. शिवाय मुलाखतीत "उन्हाळ्यात काय करतोस?" याला पांडूचं उत्तर होतं "वाचन". मन एकीकडे, वाचा दुसरीकडे. मैदानावर मात्र तो खरंच लोकांना कामाला लावायचा, फक्त गुपचूप, हातवारे करून.

म्हणून पहिला गृहपाठ: गेल्या तीन वर्षांत तुम्ही स्वतः घडवून आणलेल्या वीस गोष्टी लिहा. बहिणीच्या अ‍ॅडमिशनची धावपळ, बाजार समितीत वडिलांच्या सोयाबीनचा काटा चुकला ते पकडणं, गणपतीची वर्गणी, मोटार जळाल्यावर रात्रीतून रिवाइंडिंगवाल्याला उठवणं. वीस होत नसतील तर कोचिंग लावू नका. पुढच्या सहा महिन्यांत त्या घडवा. गोष्टी पाठ करून जायचं नाही, चित्र वेगळं आलं की पाठांतर उघडं पडतं. पण माणसानं केलेलं असलं की चार मिनिटांत ते आपोआप कागदावर येतं.

डब्ल्यूएटीला प्रत्येक शब्दाला पंधरा सेकंद. "अपयश" आलं की "अपयश ही यशाची पहिली पायरी" असं सगळा हॉल लिहितो. सुविचार लिहिणं बंद करा. रोज तीस शब्द, घड्याळ लावून, आणि वाक्यात कुणीतरी काहीतरी करतंय असं बघा. एसआरटीतही तेच. "परीक्षेला निघालाय आणि बस बंद पडली" याला "तो धीर धरतो आणि मार्ग काढतो" हे उत्तरच नाही. मार्ग कुठला ते लिहा: मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला, पुढच्या फाट्यावर उतरून दुसरी एसटी धरली, केंद्रावर वेळेत पोचला. गंगाखेड-परळी रस्त्यावर हे तुमच्याबाबत घडून गेलेलं असतं, फक्त कागदावर तुम्ही साधू होता.

स्वतःबद्दलचं वर्णन, म्हणजे एसडी, घरी बसून खरोखर विचारून लिहा. आई-वडील, शिक्षक, मित्र काय म्हणतात हे त्यांनाच विचारा. माझ्या आईनं सांगितलं, "तू काम करतोस पण सांगितल्यावर." हे मी चौथ्या वेळी जसंच्या तसं लिहिलं आणि पुढे त्यावर काय केलं तेही.

मुलाखत: तुमच्या जिल्ह्याची माहिती तुमच्याकडून

रिपीटरला एक प्रश्न येतोच: मागच्या वेळी का झालं नाही, आणि तेव्हापासून काय केलं? "माझ्यात आत्मविश्वास कमी होता, आता वाढवला" हे उत्तर देऊ नका. वहीतली एक ठोस चूक सांगा आणि तिच्यावर केलेलं एक ठोस काम सांगा. "चर्चेत मी फक्त सहमती द्यायचो. म्हणून सहा महिने अभ्यासिकेत शनिवारची चर्चा मी चालवली." एवढं पुरे. पुढचे चार प्रश्न त्या शनिवारवर येतील, म्हणून तो शनिवार खरा असला पाहिजे.

दुसरं, आपली माती. सैन्याच्या अधिकाऱ्यासमोर मराठवाड्यातला मुलगा बसला की ऑपरेशन पोलो, म्हणजे हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई, विचारलं जाण्याची शक्यता गृहीत धरा. शाळेत १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून खाऊ घेऊन घरी आलेल्यांना एवढंच माहीत असतं की निजाम होता आणि तो गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निघाल्या, मुख्य चढाई सोलापूरकडून, नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरींकडे, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हातात आलं आणि पाच दिवसांत संस्थान शरण आलं. धाराशिवच्या पोराला नळदुर्गचा किल्ला माहीत असतो, हे माहीत नसतं. तसंच ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी, जायकवाडी भरलं तर कुणाला आणि नाही भरलं तर कुणाला. आकडे पाठ करण्यापेक्षा त्यावर तुमचं मत काय ते ठरवा. दुष्काळाबद्दल विचारलं तर रडगाणं नको. तुम्ही पांडूच्या जागी असता तर काय केलं असतं, ते पाहायचं असतं.

इंग्रजीची भीती अर्धी खरी आहे. व्याकरण तपासायला कुणी बसलेलं नाही, पण वाक्य सापडेना म्हणून तुम्ही गप्प बसलात तर त्यांना तुमची कल्पना कळणार कशी? दोघांनी मिळून रोज अर्धा तास फक्त इंग्रजीत बोला. पहिले पंधरा दिवस हसून घ्या.

मैदानाबद्दल थोडक्यात. भरतीसारखं १६०० मीटर इथं नाही. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं, दोरी आणि उडीची सवय हवी. पहाटे बायपासवर पळणारी पोरं यात कमी पडत नाहीत. कमी पडतात ती गटाच्या टास्कमध्ये, फळी आणि दोरी हातात आल्यावर बाकीचे विसरून एकटी पलीकडे जातात.

तयारी कुठे करायची

वडील सोयाबीनची पट्टी मोडून पुण्याच्या किंवा चंदीगडच्या बॅचचे पैसे भरतात, त्याआधी सरकारी सोय पाहा. नाशिक रोडला महाराष्ट्र शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं एसएसबीचा वर्ग चालतो, शिकवणं, राहणं आणि जेवण विनामूल्य. एनडीए किंवा सीडीएसची लेखी पास असाल, एनसीसीच्या सी प्रमाणपत्रावर एसएसबीसाठी शिफारस झाली असेल, किंवा टीजीसीसारख्या प्रवेशाचं एसएसबीचं बोलावणं हातात असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला जायचं. कार्यालय जिल्ह्याच्या गावीच असतं. जाहिरात येते, पेपरात आतल्या पानावर येते आणि आपल्याला मुलाखत झाल्यावर कळते. त्यामुळे कार्यालयात स्वतः जाऊन पुढच्या वर्गाची तारीख विचारा.

छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, आपण एसपीआय म्हणतो ती, १९७७ पासून आहे, पण तिथं प्रवेश दहावीनंतर. तुम्ही त्या वयाच्या पुढे गेलात. धाकट्या भावाला सांगा.

खासगी क्लासला जायचंच असेल तर एकच गोष्ट पाहा: ते तुम्हाला तयार गोष्टी आणि तयार उत्तरं देतात का? देत असतील तर पैसे वाचवा. परत आलेल्या चार-पाच जणांचा गट, आठवड्यातून दोनदा, एकमेकांच्या वह्या वाचून निर्दय बोलणारा, यातून मला जे मिळालं ते क्लासात मिळालं नव्हतं.

पुन्हा फॉर्म भरताना

यूपीएससीच्या लेखीला छत्रपती संभाजीनगर केंद्र आहे, पण केंद्रं आधी येणाऱ्याला आधी अशी भरतात. शेवटच्या दिवशी रात्री फॉर्म भरून मग नागपूर मिळालं म्हणून ओरडू नका. लेखीचा निकाल लागला की सैन्य पहिली पसंती असणाऱ्यांनी दोन आठवड्यांत जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. मागच्या वेळी केली असेल तर पुन्हा लागत नाही, पण लॉगिन आणि जुना ईमेल चालू आहे का ते निकालाच्या आधी तपासा. नेट कॅफेवाल्याच्या ईमेलवर नोंदणी केलेले दोघं मला माहीत आहेत, आणि तो कॅफे आता मोबाइलचं दुकान आहे.

बोर्डावर पीआयक्यू, म्हणजे स्वतःच्या माहितीचा, फॉर्म भरताना आधीच्या प्रयत्नांचा रकाना येतो: कुठला प्रवेश, कुठला बोर्ड, तारीख, चेस्ट नंबर, निकाल. सगळं खरं लिहा. स्क्रीन आऊट मोजत नाहीत अशी अफवा आहे, तिच्यावर जाऊ नका. मुलाखत घेणाऱ्याच्या समोर हाच कागद असतो आणि पहिले दहा मिनिटं तो त्यावरूनच चालतो. म्हणून जुने कॉल लेटर फाइलला लावून ठेवा. छंदाच्या रकान्यात मागच्या वेळी "क्रिकेट, वाचन" लिहिलं असेल तर या वेळी जे खरोखर करता ते लिहा, मग ते शेळ्यांना लस टोचणं का असेना. माझ्या ओळखीच्या एकाची मुलाखत वीस मिनिटं शेळ्यांवरच चालली आणि तो आज गणवेशात आहे.

शेवटचं पैशाचं. एखाद्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं थर्ड एसीपर्यंतचं येण्याजाण्याचं भाडं मिळतं. त्याच प्रवेशासाठी पुन्हा जाणाऱ्याला मिळत नाही. प्रवेश बदलला, म्हणजे आधी एनडीए आणि आता सीडीएस, तर पहिल्यांदाच धरतात, तेव्हा तिकीट जपून ठेवा. बाकीच्यांनी स्लीपरचं तिकीट तारीख निवडल्या दिवशीच काढा. सचखंडला वेटिंग फार असतं.